जुन्या पुस्तकांचा प्रवास : बारामती-इंदापुराहून वाचकाच्या हातीं

पुस्तक विकत घेणें सोपें, तें मन लावून वाचणें त्याहून कठीण, आणि वाचून झालेलें पुस्तक योग्य माणसाच्या स्वाधीन करणें हें तर सर्वांत कठीण. आपल्या सुशिक्षित घरांतून एका पिढीनें पोटाला चिमटा घेऊन जमविलेलीं पुस्तकें दुसरी पिढी माळ्यावर चढविते आणि तिसरी पिढी तीं वजनावर विकून टाकते. हा क्रम आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्यांत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटेनासें झालें आहे. रद्दीवाल्याच्या तागडींत एखाद्या विद्वानाची दहा वर्षांची तपश्चर्या आणि गेल्या सालचें रेल्वेचें वेळापत्रक यांचा भाव एकच असतो.

गिऱ्हाईकच मिळत नाहीं, ही सबब पूर्वीं खरी होती. आज ती उरलेली नाहीं. मोबाईलवर पुस्तकाचें छायाचित्र टाकलें कीं नागपूर, बेळगांव, इंदूर, बडोदें येथला कोणी तरी वाचक तें मागतो. पैसेही क्षणांत खात्यावर जमा होतात. अडतें तें पुढें. बारामतीच्या वाड्यांतील साठ रुपयांचें पुस्तक नागपुरास पोंचविण्यास शंभर रुपये पडूं लागले, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते. मग सौदा मोडतो आणि पुस्तक पुन्हां माळ्यावर जातें. सारांश, जुन्या पुस्तकाचें आयुष्य आज त्याच्या गुणांपेक्षां त्याच्या वाहतुकीवर अधिक अवलंबून आहे. म्हणून या रुक्ष दिसणाऱ्या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोरोपंतांचा गांव

बारामतीचें नांव काढतांच जुन्या वाचकांस प्रथम आठवतात ते मोरोपंत. मोरेश्वर रामजी पराडकर (१७२९–१७९४) हे जन्मानें पन्हाळ्याचे. परंतु बारामतीकर नाइकांच्या आश्रयानें कऱ्हेच्या कांठीं स्थायिक झाले आणि त्यांची अफाट काव्यरचना येथेंच झाली. त्या काळीं ग्रंथ दुसऱ्या गांवीं जावयाचा म्हणजे कोणी तरी तो हातानें उतरून घ्यावयाचा, आणि यात्रेकरूच्या, कीर्तनकाराच्या किंवा सासरीं जाणाऱ्या मुलीबरोबरच्या माणसाच्या पडशींतून तो पुढें सरकावयाचा. ग्रंथाची वाहतूक हा तेव्हां विश्वासाचा मामला होता. त्याला दर नव्हता, पावती नव्हती. तुकोबांची पालखी आजही बारामती आणि इंदापूर हीं दोन्हीं गांवें घेऊन पंढरीस जाते. या वाटेनें किती पोथ्या गेल्या-आल्या असतील, याची गणती कोण करणार?

छापखाना आला आणि त्याच्या पाठोपाठ नियमबद्ध टपाल आलें. १ ऑक्टोबर १८५४ पासून सर्व हिंदुस्थानभर तिकिटें चालूं लागलीं आणि अंतर कितीही असो, ठराविक वजनाच्या पत्रास अर्धा आणा हा एकच दर झाला. १८७७ सालीं व्ही. पी. ची पद्धत निघाली. प्रकाशकानें पुस्तक धाडावें, पोस्टमननें तें दारांत आणून पैसे घ्यावे व ते प्रकाशकाकडे परत पोंचवावे, अशी ही सोय. ज्यांनीं जुन्या मासिकांच्या पाठी चाळल्या असतील त्यांना जाहिरातींतील ‘ट. ख. निराळा’ हीं अक्षरें आठवतील. मराठी ग्रंथव्यवहार पुण्या-मुंबईच्या बाहेर पसरला, त्यांत या पोस्टमनचा वांटा मोठा आहे. ज्या गांवीं पुस्तकाचें दुकान कधींच झालें नाहीं, त्या गांवींही पुस्तक पोंचत होतें.

सहा आंकड्यांचें मर्म

पुस्तक पाठवितांना सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित असा विमा म्हणजे पत्त्याखालील सहा आंकडे. ही पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, आणि ती आंखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपलेच मराठी गृहस्थ, टपाल खात्यांतील वरिष्ठ अधिकारी आणि शिवाय संस्कृताचे कवि व नाटककार. एकाच नांवाचीं अनेक गांवें, अनेक लिपि आणि अनेक भाषा असलेल्या देशांत पत्र चुकूं नये, एवढ्यासाठीं हा खटाटोप होता.

यांतील पहिला आंकडा विभाग दाखवितो. महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश व छत्तीसगड यांचा तो ४ आहे. पहिले तीन आंकडे मिळून टपालाच्या वांटणीचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस दाखवितात. आतां गंमत पाहा. बारामती (४१३१०२) आणि इंदापूर (४१३१०६) हे दोन्हीं तालुके पुणें जिल्ह्याचे. परंतु त्यांचे आंकडे ४१३ नें सुरू होतात, आणि सोलापूर शहराचा आंकडाही ४१३००१ आहे. पुणें शहराचे आंकडे मात्र ४११ नें सुरू होतात. ‘जिल्हा पुणें’ असें लिहून कोणी अंदाजानें ४११ ठोकून दिलें, तर तें पार्सल आधीं पुण्याच्या वांटेला लागून तेथून फिरणार, हें उघड आहे. म्हणून गिऱ्हाइकाकडून पत्ता घेतांना पिन त्याच्याच हातचा लिहून घ्यावा, आणि आपला परतीचा पत्ताही पिनसह वेष्टनाच्या आंत एक व बाहेर एक असा दोनदां घालावा. बाहेरचा कागद फाटला तरी आंतला बोलतो.

पोस्टाचे बदललेले नियम

आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत ‘बुक पोस्ट’ हा शब्द घट्ट बसलेला आहे. दोन्हीं टोकें उघडीं ठेवून, सुतळी बांधून, वर ‘बुक पोस्ट’ असें लिहून अगदीं अल्प खर्चांत पुस्तक पाठवितां येत असे. ती सोय आतां नाहीं. १८९८ च्या जुन्या कायद्याच्या जागीं २०२३ चा नवा टपाल कायदा आला, तो जून २०२४ मध्यें अंमलांत आला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरांत बुक पोस्टाचा वर्ग बंद झाला. छोटे प्रकाशक, वाचनालयें आणि जुन्या पुस्तकांचे विक्रेते यांवर हा घाव मोठा होता. कारण साध्या पार्सलाच्या दरानें स्वस्त पुस्तक पाठविणें कोणासच परवडणारें नव्हतें.

त्यानंतर १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नांवाची नवी सोय सुरू झाली. शैक्षणिक पुस्तकें, स्पर्धापरीक्षांचीं पुस्तकें आणि सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक वाङ्मय यांसाठीं ती आहे. सुरू झाली तेव्हां तिचे दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये व ५ किलोपर्यंत १०० रुपये, आणि वर कर, असे होते. हें टपाल जमिनीवरून जातें, म्हणून त्याला वेळ लागतो. पण तें कोठवर पोंचलें तें मोबाईलवर पाहतां येतें. हा मोठाच फायदा होय.

या सोयीच्या कांहीं अटी जुन्या पुस्तकांच्या मुळावर येण्यासारख्या आहेत, त्या नीट ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी कीं, पुस्तकावर मुद्रकाचें किंवा प्रकाशकाचें नांव छापलेलें असलें पाहिजे. आतां जुन्या पुस्तकांचें पहिलें आणि शेवटचें पान हेंच आधीं गळतें, आणि नेमकें तेथेंच हें नांव असतें. म्हणून सुटलेलें मुखपृष्ठ टाकून न देतां आंत जपून ठेवावें. दुसरी अट अशी कीं, ठराविक काळानें निघणारीं नियतकालिकें यांत बसत नाहींत. ज्या घरांत मासिकांचे जुने अंक बांधून ठेवलेले आहेत, त्यांनीं हें आधींच पोस्टांत विचारून घ्यावें आणि गिऱ्हाइकास त्याप्रमाणें खर्च सांगावा. तिसरी अट जाहिरातबाज मजकुराविषयींची आहे. ती आपल्या घरच्या ग्रंथांस सहसा अडत नाहीं.

रजिस्टर पोस्टही पूर्वींच्या रूपांत राहिलेलें नाहीं. १ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टांत विलीन करण्यांत आलें. स्पीड पोस्ट १९८६ पासून आहे. तें जलद आणि भरंवशाचें, परंतु वजन व अंतर वाढेल तसें महागडें. दुर्मिळ ग्रंथास किंवा परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याच्या पुस्तकास तें योग्य. साठ रुपयांच्या कादंबरीस नव्हे.

गणिताचें थोडें भान

येथें गृहिणींच्या हिशेबी बुद्धीला आवाहन करावेसें वाटतें. २० रुपये आणि १०० रुपये या दोन टोंकांकडे पाहा. तीनशें ग्रॅमचीं पंधरा पुस्तकें एकेक करून पाठविलीं, तर प्रत्येकीं वीस रुपयांप्रमाणें तीनशें रुपये होतात, आणि वेष्टनाचें वजन धरलें तर त्याहून अधिक. तींच पंधरा पुस्तकें एका गठ्ठ्यांत बांधलीं तर वजन साडेचार किलो, वेष्टनासह पांच किलोंच्या आंत, आणि खर्च शंभर रुपये. दर पुस्तकास सात रुपयेही पडत नाहींत. म्हणून एक पुस्तक मागणाऱ्यास आपली सगळी यादी पाठवावी. तो आणखी दोन-तीन घेण्याचा बराच संभव असतो. घेणारानेंही आपल्या मित्रमंडळींस विचारून एकत्र मागणी करावी. वाचनालयाच्या सभासदांनीं असें केलें तर साऱ्यांचाच फायदा होईल.

वजन नेहमीं वेष्टनासह करावें. पुस्तक २८० ग्रॅमचें आणि पुठ्ठा व कागद ४० ग्रॅमचा, म्हणजे एकंदर ३२० झाले, आणि दर वरच्या पायरीचा लागला. स्वयंपाकघरांतील कांटा या कामीं पुरेसा आहे. पैसे ठरविण्याआधीं वजन करावें, मागाहून नव्हे.

खाजगी कुरियरवाल्यांचें गणित आणखी निराळें आहे. ते वजनाबरोबर आकारही मोजतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून त्यांचा गुणाकार करावयाचा व त्यास ५००० नें भागावयाचें. जें उत्तर येईल तें किलो. प्रत्यक्ष वजन आणि हें आकारी वजन यांत जें जास्त असेल त्यावर आकार पडतो. पांच किलो पुस्तकें ४० × ३० × २५ अशा ऐसपैस खोक्यांत भरलीं तर आकारी वजन सहा किलो होतें, आणि एका किलोचा भुर्दंड निव्वळ हवेसाठीं बसतो. तींच पुस्तकें बेताच्या खोक्यांत दाटून भरलीं तर हा प्रश्नच उद्भवत नाहीं. पुस्तक ही मुळांतच जड वस्तु आहे; तिला मोठें घर देण्याचें कारण नाहीं.

कोणती वाट धरावी?

बारामती आणि इंदापूर यांची भौगोलिक स्थिति येथें विचारांत घेतली पाहिजे. बारामतीस दौंडाहून आलेला रेल्वेचा फांटा आहे. इंदापूर शहरास स्वतःचें स्टेशन नाहीं; तालुक्यांतील भिगवण मात्र पुणें-सोलापूर लोहमार्गावर आहे. उलट, पुणें-सोलापूर हमरस्ता इंदापुरावरूनच जातो. यामुळें या भागांतील लहानसहान मालाची खरी वाहतूक रस्त्यानें होते.

पहिली वाट अर्थात् जाणाऱ्या-येणाऱ्याची. पुण्यास शिकणारा पुतण्या दर शनिवारीं घरीं येत असेल, तर पुण्यांतील गिऱ्हाइकाचें पुस्तक त्याच्याबरोबर फुकट जाईल. दुसरी वाट एस. टी. ची. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, आणि तेव्हांपासून गांवोगांवचा माल या गाड्यांनीं वाहिला आहे. जेथें दोन्हीं टोंकांस पार्सलाची सोय आहे आणि घेणारा स्वतः स्थानकावर येऊं शकतो, तेथें मोठ्या गठ्ठ्यास हा मार्ग चांगला. तिसरी वाट पोस्टाची. देशांत दीड लाखांहून अधिक पोस्ट ऑफिसें आहेत आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतून आहेत. घेणारा वाडीवस्तीवर राहत असेल, तर पोस्टासारखा सांगाती नाहीं. चौथी वाट खाजगी कुरियरची. तेथला माणूस घरीं येऊन पार्सल नेतो आणि शहराशहरांत लवकर पोंचवितो. पण आडगांवीं पोंचवितो कीं नाहीं, हें आधीं पिन सांगून विचारावें. नाहीं तर ‘तालुक्याच्या कचेरींतून घेऊन जा’ असा निरोप घेणारास यावयाचा. शिवाय नुकसानभरपाईस बहुधा ठराविक मर्यादा असते. मोलाच्या ग्रंथाची किंमत आधीं नोंदवून विमा उतरविल्याखेरीज तो सोंपवूं नये.

पांचवी वाट म्हणजे मोठ्या ऑनलाईन बाजारपेठांची. तेथें वाहतुकीची सोय तेच करतात आणि आपला आकार कापून घेतात. ज्यांच्याकडे शेंकडों पुस्तकें आहेत त्यांस हें सोयीचें. दहा पुस्तकें असणारानें आधीं कापलेल्या रकमेचा हिशेब करावा. छापील पुस्तकांवर वस्तु व सेवा कर नाहीं. पण वाहतुकीवर आहे, हेंही विसरूं नये.

या साऱ्यांत सर्वाधिक उलाढाल होते ती विद्यार्थ्यांच्या पुस्तकांची. बारामतीस १९६२ पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे. त्यानंतर इतरही अनेक शिक्षणसंस्था निघाल्या. दर वर्षीं एक तुकडी पुस्तकें टाकते आणि दुसरी तींच विकत घेते. येथें टपालाची जरुरीच नाहीं. ज्या गांवांत घेणारा आहे त्याच गांवांत विकावें. उरलेलें मात्र बाहेर धाडावें.

बांधणी

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. कोरड्या हवेंत येथलीं पुस्तकें बरीं टिकतात. पण तेंच पुस्तक श्रावणांत रत्नागिरीस गेलें म्हणजे वाटेंत भिजण्याची धास्ती. म्हणून प्रथम स्वच्छ कागद, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, दोन्हीं बाजूंस पुस्तकाहून बोटभर मोठे पुठ्ठे आणि मग बाहेरचें वेष्टन, असा क्रम ठेवावा. चिकटपट्टी पुस्तकाच्या पुठ्ठ्याला कधींही लागूं देऊं नये. निघतांना ती कातडीसह निघते. शंभर वर्षांपूर्वींच्या पुष्कळ पुस्तकांचा कागद लांकडाच्या लगद्याचा आहे. त्यांत आम्ल असतें आणि काळ जाईल तसा तो पापडासारखा मोडूं लागतो. असें पुस्तक उभें भरूं नये, आडवें ठेवावें, आणि खोक्यांत तें हलणार नाहीं इतका चुरगळलेला कागद भोंवतीं भरावा. वाळवी किंवा कसर लागलेलें पुस्तक चांगल्या पुस्तकांत मिसळूं नये. त्यानें घेणाराचें सारें कपाट नासेल.

विकण्यापूर्वीं

व्यवहाराची शुद्धता हा यांतील सर्वांत मोठा प्रश्न आहे. गिऱ्हाईक पुस्तक हातांत घेऊन पाहत नाहीं. आपल्या शब्दावर पैसे टाकतो. फाटलेलीं पानें, गळालेलीं पानें, पेन्सिलीच्या खुणा, वाळवीचीं भोकें हें सारें आधीं सांगावें आणि छायाचित्रांत दाखवावें. वाचनालयाचा शिक्का असेल तर तें पुस्तक निर्लेखित झालेलें आहे कीं कोणी परत करावयाचें विसरलें आहे, याची चौकशी करावी. दुसऱ्या प्रकारचें असल्यास त्याचा मुक्काम एकच, तें वाचनालय. पैसे देऊं करणारा एखादा ठक कोड पाठवितो आणि ‘तो स्कॅन करून आपला गुप्त आंकडा घाला म्हणजे पैसे मिळतील’ असें सांगतो. पैसे घेण्यास गुप्त आंकडा कधींच लागत नाहीं, तो देण्यासच लागतो, एवढें घरांतील प्रत्येकानें पाठ करावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक पथ्य आहे. आजोबांचीं पुस्तकें हीं एका भावाचीं नसतात. यादी करून ती सर्व भावंडांस, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसही दाखवावी, आणि ज्याला जें हवें तें आधीं द्यावें. पुस्तकें धाडण्यापूर्वीं पानन् पान चाळावें. जुनीं पत्रें, टिपणें, जन्मवेळेची नोंद, कर्जाच्या पावत्या यांचें टांचण पूर्वज पुस्तकांतच ठेवीत. बाहेर गेलेलें पुस्तक एक वेळ पुन्हां मिळेल. आजीच्या हातची ओळ मिळणार नाहीं.

परदेशीं राहणाऱ्या आप्तांकडूनही मागणी येते. तेथें एक कायदा ध्यानांत ठेवला पाहिजे. वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक महत्त्वाची, पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखितें १९७२ च्या पुरावस्तु कायद्याखालीं येतात. तीं खाजगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहींत. पोथ्या घरांत असतील तर त्या विकूंच नयेत. पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०), भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (१९१७) यांसारख्या संस्थांत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अमेरिकेंतून पुस्तकें इकडे पाठविणेंही पूर्वींइतकें सोपें राहिलेलें नाहीं. तेथील सरकारी टपालखात्यानें २००७ मध्यें परदेशाचें समुद्रमार्गी टपाल बंद केलें, आणि विमानाचा खर्च जड पुस्तकांस पेलवत नाहीं. मात्र त्या देशानें आपल्या हद्दींत पुस्तकांसाठीं सवलतीचा निराळा दर १९३८ पासून राखला आहे. आणि जुनें पुस्तकही त्याच दरानें जातें. विद्येचा प्रसार हें राष्ट्राचें काम आहे, ही जाणीव त्या दरामागें आहे.

आपल्याकडेही ती जाणीव टिकावी अशी इच्छा असेल, तर मिळालेली सोय वापरांत ठेविली पाहिजे. ज्या सोयीस कोणी विचारीत नाहीं ती पुढें-मागें बंद पडते. येत्या सुटींत घरांतील मुलांना माळ्यावर चढवावें. त्यांनीं पुस्तकें उतरवावीं, पुसावीं, यादी करावी. मोठ्यांनीं ठेवावयाचीं आणि द्यावयाचीं वेगळीं काढावीं. सुनांनीं-मुलींनीं वजन करून खर्च मांडावा. मुलांना आजोबांची आवड कळेल, आणि कोणा अनोळखी गांवच्या कोणा वाचकाला बरीच वर्षें शोधीत असलेला ग्रंथ मिळेल. रद्दीच्या चार पैशांहून ही मिळकत मोठी आहे. शिवाय माळाही रिकामा होईल, हें गृहिणींस निराळें सांगावयास नकोच.